पीक वर्षाला, हप्ता महिन्याला

लगीनसराई आली किंवा कर्जमाफीचा विषय निघाला की मराठवाड्यात एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लोक ऐपत नसताना लग्नात लाखो रुपये उडवतात, पोराला हप्त्यावर गाडी आणि मोबाइल घेऊन देतात आणि मग कर्ज झालं म्हणून ओरडतात. दुसरी बाजू म्हणते, शेतकऱ्याच्या संसारात डोकावू नका, मालाला भाव द्या, बाकी आपोआप नीट होईल. अलीकडे यात तिसरा आवाज मिसळला आहे, मोबाइलवर आर्थिक सल्ले देणाऱ्यांचा. पगारातले ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. दर महिन्याला एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेली रक्कम. घराचा हप्ता पगाराच्या ४० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. ऐकताना सगळं पटतं. पण ज्या घरात पगारच येत नाही, त्या घरानं हे टक्के कशाचे काढायचे?

हे तिघंही एकाच शब्दाभोवती भांडत आहेत, तो म्हणजे ‘किती’. किती खर्च केला, किती भाव मिळाला, किती वाचवलं. माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या बहुतेक घरांच्या पैशाचा प्रश्न आधी ‘कधी’चा आहे आणि मग ‘किती’चा. पैसा वर्षातून दोन-तीनदा एकगठ्ठा येतो, देणी बारा महिने येत राहतात, आणि मधली फट भरताना घराचं जे नुकसान होतं ते पुष्कळदा हौसेच्या खर्चाहून मोठं असतं. मुलाच्या वाढदिवसापासून घराच्या कर्जापर्यंत प्रत्येक निर्णय या फटीत सापडतो. ती न बघता उधळपट्टीवर प्रवचन देणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

औसा, कळंब, परतूर, वसमत, कोणताही तालुका घ्या. मृगाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, एकरी ३० किलो सोयाबीनचं बियाणं, ५० किलोची १,३५० रुपयांची डीएपी खताची बॅग, पेरणीचं ट्रॅक्टरभाडं, हे सगळं लागतं. त्याच पंधरवड्यात शाळा उघडते. वह्या, गणवेश, बूट, रिक्षाचे पैसे. आणि मूल अकरावीला लातूरला किंवा नांदेडला पाठवलं असेल तर क्लासची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना. उन्हाळ्यात जनावरांचं दूध आटलेलं असतं, म्हणजे डेअरीची दहा दिवसांची पट्टीही बारीक झालेली. वर्षातला सगळ्यात मोठा खर्च आणि वर्षातला सगळ्यात रिकामा खिसा यांची गाठ एकाच पंधरवड्यात पडते. पुढं खुरपणी, फवारणी, पोळा, महालक्ष्म्या. पैशाचं तोंड दिसतं ते दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघाल्यावर. मग कापसाच्या वेचण्या, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, मार्चमध्ये हरभरा. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण बिलं थकल्याच्या तक्रारी हंगामोहंगामी येतात, त्यामुळे त्या तारखेवर घर चालवता येत नाही.

बीड, धारूर, पाटोद्याकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर चक्र आणखी उलटं. तिथं पैसा आधी येतो, उचल म्हणून, आणि काम नंतर. दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो, मार्च-एप्रिलला परत येतो, आणि तोवरची मजुरी आधीच खर्च झालेल्या उचलीत वळती होत असते. अशा घराला कुणी ‘महिन्याला थोडं बाजूला टाका’ म्हणालं तर ते ऐकतील, मान डोलावतील. टाकणार काय?

आता या फटीची किंमत मोजू. जूनमध्ये पेरणी आणि शाळा मिळून एक लाख कमी पडले आणि नोव्हेंबरमध्ये सोयाबीन विकून ते फेडायचे आहेत, असं धरा. गावात व्याज महिन्याचं बोलतात, ‘शेकडा तीन’. ऐकायला तीनच रुपये, पण वर्षाचे ते ३६ टक्के होतात, आणि व्याजावर व्याज चढलं तर ४२ च्या वर. पाच महिन्यांचं सरळ व्याज १५,००० रुपये. तेच एक लाख बँकेत सोनं तारण ठेवून साधारण १० टक्क्यांनी घेतले तर पाच महिन्यांचे सव्वाचार हजारही होत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त वार्षिक व्याज घेता येत नाही. म्हणजे ‘शेकडा तीन’ हा दर गावात जितका सर्रास आहे तितकाच बेकायदा आहे. ज्या घरानं दिवाळीत पोराला १२,००० चा मोबाइल घेतला म्हणून बोलणी खाल्ली, त्याच घराचे जूनच्या एका उसनवारीपायी १५,००० गेलेले असतात. ते कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. मोबाइल दिसतो, व्याज दिसत नाही.

दुसरी किंमत आडतीवर मोजली जाते. जूनमध्ये आडत्याकडून उचल घेतलेली असली की माल त्याच्याच दारात उतरवावा लागतो, आणि तोही काढणीनंतर लगेच. ऑक्टोबरातलं सोयाबीन ओलं असतं. पोत्यातून मूठभर दाणे काढून यंत्रात टाकले की ओलाव्याचा आकडा १६, १७ टक्के दाखवतो. हमीभावाच्या खरेदीला मूळ अट १२ टक्क्यांची. ओलाव्याची कपात पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबावर, चढते आणि भाव खाली येतो. आठ-दहा दिवस ताडपत्रीवर ऊन दाखवलं असतं तर आकडा उतरला असता, पण उचल, मळणीवाला, मजूर आणि दिवाळी, चौघंही दारात उभे असतात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारातले व्यवहार त्याच्या बरेच खाली होत होते. भाव कमी, हे खरंच. पण त्या कमी भावातलाही सर्वांत खालचा भाव कुणाच्या वाट्याला येतो? ज्याला त्याच आठवड्यात विकावं लागतं त्याच्या.

यावरचा उपाय १९९०-९१ पासून राज्यात आहे, पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यांनी १८० दिवसांसाठी घ्यायचं. ४० क्विंटल सोयाबीन ४,२०० च्या भावानं धरलं तर माल १,६८,००० चा, कर्ज १,२६,०००, सहा महिन्यांचं व्याज ३,७८०. म्हणजे क्विंटलमागे ९५ रुपये भाव वाढला की व्याज निघालं. भाव वाढेलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि मी तरी सांगणार नाही. पण ऑक्टोबरात विकायचं की फेब्रुवारीत, हे ठरवण्याचा हक्क ९५ रुपयांत मिळत असेल तर तो महाग नाही. ही सोय वापरणारे थोडे का? कारण समितीकडे माल नेण्याआधी तो वाळवून, चाळून न्यावा लागतो, सातबाऱ्यावर पीकपेरा लागलेला लागतो, आणि उचलीत अडकलेला माल आपला उरलेलाच नसतो.

उधळपट्टीचा आरोप आजचा नाही. १८७५ मध्ये सुप्यापासून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला. तेव्हाही साहेबांच्या जगात हेच बोललं जात होतं की रयत लग्नकार्यात पैसा उडवते म्हणून बुडते. आयोगानं तपास केला आणि लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे, असा निष्कर्ष काढला. असा खर्च ऐपतीच्या मानानं जास्त असतो, पण प्रसंग क्वचित येतात आणि कर्जाची सुरुवात त्यातून क्वचितच होते, असं त्याचं म्हणणं. मग रयतेला बांधून ठेवणारं काय होतं? इतर कारणांबरोबर एक मोठं कारण म्हणजे ठरलेल्या तारखेला, रोखीनं भरायचा जमिनीचा सारा. पीक आलेलं असो नसो, विकलेलं असो नसो, सरकारी हप्त्याची तारीख हलत नव्हती, आणि ती गाठायला सावकाराचा ओटा चढावा लागत होता. सावकारी कर्जातून दिलासा देणारा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा आपल्यापर्यंत आला नाही. पण सीना नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं दुखणं काही वेगळं नव्हतं. दीडशे वर्षांत साऱ्याची जागा फायनान्सच्या हप्त्यानं घेतली, तारखेचा हट्ट मात्र तोच राहिला.

त्याउलट गावाची जुनी देणी बघा. बलुतेदाराचं बलुतं खळ्यावर, रास झाल्यावर. सालगडी पाडव्याला ठरायचा आणि आजही बऱ्याच गावांत ठरतो, साल पाडव्याला संपतं. बलुतेदारीत जातीचा अन्याय होता, सालगड्याच्या वाट्याला पिळवणूक होती, त्या पद्धती परत आणा असं कुणी म्हणू नये. मात्र देणं पिकाच्या तारखेला बांधायचं असतं, ही समज त्यांत होती.

आता समोरच्यांचे मुद्दे. त्यांतले तीन खरंच वजनदार आहेत.

पहिला, उधळपट्टी खोटी नाही. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे आणि तरी मानपान, गाडी, सोनं या नावांनी तो घेतला जातो; मुलीच्या बापाची दोन एकर त्यात जातात. हे मान्य आहे, आणि त्यात ‘कधी’ला काही जागा नाही. हुंड्याचा पैसा कोणत्याही महिन्यात दिला तरी तो गुन्हाच. पण हुंडा बाजूला काढून लग्नाचा बाकीचा खर्च बघा. बस्ता, मंडप, जेवण, बँड यांच्या बरोबरीनं आहेरही येतो. जवळपास प्रत्येक घरात आहेराची वही असते: नाव, गाव, आणि पुढं आकडा, ५०१, १,१०१, साडी-चोळी, एक भांडं. ही वही म्हणजे बिनव्याजी देवाणघेवाणीचं खातं आहे. तुमच्या घरी कार्य असताना दोनशे घरं तुम्हाला थोडं थोडं देतात आणि तुम्ही पुढची वीस वर्षं ते एकेकाला परत करता. चूक होते ती ही की परत करायचे आहेर खर्चात धरले जात नाहीत. एप्रिल-मे मध्ये दहा लग्नं आली तर अकराशेप्रमाणे अकरा हजार आणि वर जाण्यायेण्याचं भाडं. तेही पेरणीच्या तोंडावर. वही उघडून मार्चमध्येच यादी काढली तर हा आकडा आधी कळतो, आणि नाही काढली तर तो बियाण्याच्या पैशातून जातो.

दुसरा मुद्दा सल्लागारांचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. ते म्हणतात, महिन्याचा हप्ता शिस्त लावतो. एकगठ्ठा पैसा हातात आला की तो टिकत नाही. खरं आहे. पट्टी झाली त्या दिवशी कृषी सेवा केंद्राची उधारी, किराणा दुकानाचं खातं, पाहुण्यांचे हातउसने पैसे असे सगळे समोर येतात, आणि जे उरतं ते महिनाभरात विरघळतं. पण त्यावर महिन्याच्या बचतीचा उपाय चालतो का? पोस्टातलं आवर्ती खातं घ्या. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. चुकलं तर शंभराला एक रुपया दंड, आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, दोन महिन्यांत मागची बाकी भरली तरच पुन्हा चालू. पगारदाराला हे खातं उत्तम. शेतकऱ्याचं ते जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत बंद पडतं. शिस्त कमी होती म्हणून नाही, साचा चुकीचा होता म्हणून.

एकगठ्ठा पैशाची शिस्त वेगळी असते आणि ती पट्टीच्या आठवड्यातच लावावी लागते. पैसे खात्यात आले की आधी उधाऱ्या, आणि त्याच दिवशी दोन मुदत ठेवी. मुदत ठेव वर्षाचीच असावी लागते असं नाही. बँक ती दिवसांवर करून देते. १० नोव्हेंबरला टाकलेली ठेव बरोबर १ जूनला हाती येईल असे दिवस मोजून सांगा. एक १ जूनची, पेरणी आणि शाळेची. दुसरी ऑगस्टच्या मध्याची, फवारणी आणि सणांची. ठेव नवरा-बायको दोघांच्या नावावर करा आणि मोडायला दोघांच्याही सह्या लागतील असं अर्जात लिहा, ‘दोघांपैकी कोणीही’ ही सोय घेऊ नका. मुदतीआधी मोडली तर अर्धा ते एक टक्का व्याज कमी मिळतं, त्यामुळे दवाखान्यासारखी खरीच अडचण आली तर नुकसान मोठं नाही. कुठं चुकतं? बहुतेक वेळा आपोआप नूतनीकरणाच्या खुणेवर. अर्जावर ती खूण राहिली तर १ जूनला पैसे खात्यात येण्याऐवजी ठेव पुढं सुरू होते आणि बियाणं घ्यायच्या दिवशी बँकेत चकरा सुरू होतात. दुधाचे पैसे, शिलाईचे पैसे, लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये हे मात्र महिन्याच्या खर्चासाठीच ठेवा. घरातली ती एकच बारमाही धार आहे आणि ती बहुधा बाईच्या हातातून वाहते. म्हणून वर्षाचा हिशेब करताना ती बोलण्यात हवी.

तिसरा मुद्दा बँकेचा. शेतीचं उत्पन्न वर्षातून दोनदा येतं एवढंच असतं तर प्रश्न नव्हता, ते येईलच याची खात्री नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनं धाराशिव, बीडकडची उभी पिकं पाण्यात गेली. सहामाही हप्ता ठेवला आणि पीकच गेलं तर बँकेला सहा महिने कळणारच नाही. मुद्दा बरोबर. पण महिन्याचा हप्ता ठेवल्यानं पाऊस पडतो का? हप्ता जुलैत थकतो, एवढंच. तोही पीक शेतात उभं असताना, कर्जदार बुडालेला नसताना. मग कर्ज देणारा आणि आपली बँक अशा दोन्हीकडून चेक परत गेल्याचा दंड, सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग, आणि तो डाग पुसायला पुन्हा शेकडा तीननं उसनवारी.

शिवाय बँकांना हे कळत नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात इतर कर्ज ९० दिवस थकलं की बुडीत धरतात, पण कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर. म्हणजे त्याच शेतकऱ्याचं, त्याच शाखेतलं, त्याच सोयाबीनवर फिटणारं एक कर्ज हंगामाच्या घड्याळावर चालतं आणि दुसरं पगाराच्या. ट्रॅक्टर विकायचा असतो तेव्हा फायनान्स कंपनी स्वतःहून सहामाही हप्ता देते, कारण त्याशिवाय ट्रॅक्टर खपत नाही. बायकांच्या गटांना जे छोटं कर्ज दिलं जातं, त्याबाबत २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं सांगितलंच आहे की कर्जदाराच्या गरजेप्रमाणे परतफेडीचा कालखंड ठरवण्याची लवचीकता कर्ज देणाऱ्यानं धोरणात ठेवावी, आणि घराचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. तरी आठवड्याला, पंधरवड्याला वसुली चालते, कारण कर्ज घेताना तारीख कुणी विचारत नाही आणि देणारा सांगत नाही. जे ट्रॅक्टरला जमतं ते घराला का जमू नये?

घराच्या कर्जाकडे वळू, कारण सगळ्यात लांबची चूक तिथं होते. आज मराठवाड्यातल्या कित्येक घरांत एक पगार आणि एक शेत असं जोडउत्पन्न आहे. मुलगा वाळूजला किंवा पुण्याला कंपनीत, आई-वडील गावी. संभाजीनगरला किंवा लातूरला फ्लॅट घ्यायचा ठरतो आणि सगळे मिळून सांगतात, ‘पगारातून एवढा हप्ता जाईल, बाकीचं शेतातून टाकू.’ हे ‘बाकीचं शेतातून’ इथंच फसतं. हप्त्याचा एक रुपयाही पिकाच्या भरवशावर ठेवू नये. २० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १४,१६७ व्याजात जातात, मुद्दलात ३,१८९. पूर्ण मुदत भरली तर जवळपास ४१ लाख ६५ हजार जातात. हा हप्ता एकट्या पगाराला झेपत असेल तरच कर्ज घ्या. झेपत नसेल तर घर लहान घ्या किंवा दोन वर्षं थांबा. मुदत मात्र लांबच ठेवा. ‘लवकर फिटावं’ म्हणून १२ वर्षांची मुदत घेऊन हप्ता फुगवणारे पहिल्या दुष्काळात अडकतात.

मग शेताचा पैसा कुठं लावायचा? मुद्दलात. दरवर्षी तूर-सोयाबीनचे उरलेले ५०,००० एकदाच भरले, तर हेच २० वर्षांचं कर्ज सुमारे १३ वर्षांत संपतं आणि साडेआठ-नऊ लाख वाचतात. ज्या वर्षी पीक गेलं त्या वर्षी काही भरायचं नाही. कुणी विचारणार नाही, दंड नाही. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतीआधी फेडल्याचा आकार लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फक्त पैसे भरताना दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. एक, रक्कम मुद्दलात वळती झाली पाहिजे, ‘पुढचे हप्ते आगाऊ’ म्हणून पडून राहता कामा नये. दोन, ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असं लेखी द्या आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या. नाहीतर पुष्कळ ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाते आणि फायदा बराच आटतो. घर बाईच्या एकटीच्या नावे घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे, हे खरेदीखताआधी बोलून घ्यावं, नंतर उपयोग नाही.

गावातलं घर हा वेगळा विषय. गावठाणातल्या जागेची कागदपत्रं बँकेला पुरत नाहीत म्हणून तिथं गृहकर्ज सहसा मिळत नाही, आणि लोक यंदा जोतं, पुढच्या साली भिंती, तिसऱ्या साली स्लॅब असं बांधतात. शहरातली माणसं याला अर्धवट काम म्हणतात. मला ते शहाणपणाचं वाटतं. एक रुपया व्याज न देता पिकाच्या चालीनं घर उभं राहतं. नुकसान होतं ते मधल्या दोन पावसाळ्यांत. कॉलमच्या उघड्या सळया गंजतात, त्यांना सिमेंटचा घट्ट लेप देऊन वरून पाइप चढवावा लागतो. आणि स्वस्त मिळालं म्हणून आणून ठेवलेल्या सिमेंटचा जोर तीन महिन्यांत उतरतो. विटा आणि सळई आगाऊ घ्या, सिमेंट कधीच घेऊ नका.

आणि मुलांच्या भेटी. बारशाला चांदीचे वाळे, जावळाला मामाकडून करदोडा, वाढदिवसाला खेळणी; यात गैर काही नाही, आजीनं नातीच्या पायात वाळे घालावेत यासारखा आनंद नाही. पण चांदीच्या दागिन्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो आणि मोडताना घट धरली जाते, म्हणून एक जोड पुरे. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी हे मुलींसाठीचं सरकारी बचत खातं शेतकऱ्याच्या घराला जसं बसतं तसं दुसरं काही बसत नाही, आणि कारण पुन्हा तारखेचंच. त्यात महिन्याचं बंधन नाही. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख, कधीही, कितीही वेळा. एखादं वर्ष अडीचशेच जमले तरी खातं जिवंत राहतं. तेही चुकलं तर दंड ५० रुपये. १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी मिळतं. सध्याचा ८.२ टक्के दर तसाच राहिला, आणि आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, हरभरा विकून आलेल्या पैशातून, १२,००० टाकत गेलं, तर भरलेल्या १ लाख ८० हजारांचे साडेपाच लाखांवर होतात. दर तिमाहीला बदलू शकतो, एवढं धरून चालावं. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मोजतात, म्हणून ५ तारखेच्या आत भरा. मुलासाठी हेच काम पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं करतं, वर्षाला किमान ५०० रुपयांत.

मूल जूनमध्ये सायकल मागतं तेव्हा बहुतेक घरांत उत्तर मिळतं, ‘पैसे नाहीत.’ ऑक्टोबरात पैसे दिसतात आणि सायकल आली नाही तर मुलाला ते उत्तर खोटं वाटतं. ‘सोयाबीन आल्यावर’ असं सांगा, आणि सोयाबीन आल्यावर घेऊन द्या, ठेवीच्या पावत्या करून उरलेल्या पैशातून. दहा वर्षांच्या पोराला घराचं वर्ष कळू द्यावं. ‘दिवाळीला नवे कपडे’ ही रीत तशीच तर पडली. पैसा तेव्हा असायचा.

घरानं आपलं वर्ष ओळखलं तरी कर्ज देणारा ओळखत नसेल तर अर्धंच काम होतं. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात तांत्रिक समिती बसते आणि कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं ते ठरवते. कोणतं पीक कोणत्या महिन्यात निघतं, त्याचा पैसा कधी येतो, हे सगळं त्या टेबलावर असतंच. आठही जिल्ह्यांत त्याच माहितीवरून शेतकरी घरांच्या दुचाकी, शिक्षण आणि घरदुरुस्तीच्या कर्जांना सहामाही हप्त्याचा तक्ता ठरवून द्यावा, आणि लोकप्रतिनिधींनी बँकांच्या आढावा बैठकीत किती कर्जं वाटली याबरोबर किती कर्जांचे हप्ते हंगामाला जोडले, हेही विचारावं. तोवर कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी एक ओळ स्वतःच्या हातानं लिहून द्यावी आणि त्याची पोच घ्यावी: ‘माझं मुख्य उत्पन्न शेतीचं असून परतफेडीचे हप्ते नोव्हेंबर आणि मार्च या महिन्यांत ठेवावेत.’ नाकारलं तर नकारही लेखी मागावा.